सात जिन्नसांचा महिना: खोलीवर एकट्याने रांधणाऱ्यांसाठी

पुण्यात नव्या पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहत होतो, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात मेस सोडली. इंडक्शन घेतलं, घरून तीन लिटरचा कुकर आणला आणि पुढचं दीड वर्ष तांदूळ, तूरडाळ, बटाटा आणि चहा-बिस्किटं एवढ्यावर काढलं. पोट भरत होतं, वजन उतरत नव्हतं, अभ्यासिकेत दहा-दहा तास बसता येत होतं. मग सारखं तोंड येऊ लागलं. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत. तिखटाचं सोडा, कोमट चहासुद्धा झोंबायचा. रात्री तळपायांना मुंग्या यायच्या. उष्णता झाली असेल म्हणून मी चार महिने गुलकंद खात बसलो. शेवटी रक्त तपासलं, तर बी-१२ जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं आणि हिमोग्लोबिनही खाली.

त्यानंतर मी हा विषय जरा हिशेबाने बघितला. खोलीवर राहणारा प्रत्येक नवा मुलगा-मुलगी मला एकच विचारते: मोजक्याच गोष्टी खाऊन भागतं का? रोज वेगळी भाजी, कोशिंबीर, उसळ करायला ना वेळ असतो ना भांडी. माझं उत्तर असं, की भागतं. सात जिन्नस पुरतात. मात्र ते सात कोणते, यावर सगळं आहे. माझे चार होते आणि त्यातले तीन एकच काम करत होते.

आधी हे जमवा

- इंडक्शन किंवा एका शेगडीचा गॅस, तीन लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे, एक तवा
- किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा. हा चैनीचा वाटेल, पण पहिल्या पंधरा दिवसांनंतर अंदाज बसतो आणि मग तो मित्राला देता येतो
- एक वही
- हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे भारतीय अन्नघटक तक्ते. कुठल्या धान्यात, भाजीत काय आणि किती, हे त्यात आपल्याकडच्या नमुन्यांवरून दिलं आहे. परदेशी अ‍ॅपमधल्या 'पालक' आणि 'चीज'वर आपला हिशेब बसत नाही
- रक्ताचा एक ताजा रिपोर्ट: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि जमल्यास फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो)

१. सध्या जे खाता ते आठवडाभर लिहा

काही बदलू नका, फक्त लिहा. मी मागे वळून माझा हिशेब मांडला तेव्हा दिवसाचं चित्र साधारण असं निघालं: तांदूळ ३०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम, बटाटे २०० ग्रॅम, बिस्किटं १०० ग्रॅम आणि चहातलं दूध. ऊर्जा भरपूर. प्रथिनं पंचेचाळीस-पन्नासच्या दरम्यान, म्हणजे जरा कमी, पण रडण्याइतकी नाहीत. लोह मात्र जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम, आणि प्रौढ पुरुषाची शिफारस आहे १९. कॅल्शियमची शिफारस १००० मिलिग्रॅम, माझ्या पोटात जात होतं त्याच्या पाव भागाच्या आसपास. बी-१२ चहातल्या दुधापुरतं, म्हणजे नसल्यातच जमा.

गंमत म्हणजे ज्या बटाट्याला मी 'नुसता स्टार्च' म्हणून शिव्या घालायचो, त्यानेच मला क जीवनसत्त्व पुरवलं. यादीत दुसरं कुणी ते काम करतच नव्हतं.

२. पदार्थ मोजू नका, कामं मोजा

हे नीट समजलं की बाकीचं सोपं आहे. शरीराला लागणाऱ्या गोष्टींची कामं वेगवेगळी आहेत, आणि एक जिन्नस एक-दोन कामंच नीट करतो. तांदूळ, बटाटा आणि बिस्किटं ही तिघंही ऊर्जेच्या कामावर. लोहाला, कॅल्शियमला माणूसच नेमलेला नाही.

मोजक्या अन्नाचा हा हिशेब जगात फार आधी गंभीरपणे मांडला गेला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली ७७ पदार्थांतून वर्षभराचा सर्वांत स्वस्त पुरेसा आहार शोधला. नऊ गरजा पूर्ण व्हायला हव्यात, एवढी अट. उत्तरात उरले पाचच पदार्थ: गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा. १९३९च्या भावाने वर्षाचा खर्च ३९.९३ डॉलर. म्हणजे एक धान्य, एक कडधान्य, एक दूध, दोन भाज्या. आपल्या ताटाचा सांगाडाच झाला की!

पुढे जॉर्ज डान्ट्झिग या गणितज्ञाने स्वतःचं वजन उतरवण्यासाठी असाच हिशेब संगणकाला घातला. संगणकाने पहिल्या फेरीत ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. ते यादीतून काढल्यावर पुढच्या फेरीत रोज दोनशे बुयाँ क्यूब, म्हणजे सूपच्या खारट वड्या. यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की 'किमान इतकं हवं' याच्याबरोबर 'कमाल इतकंच' हेही लिहायला लागतं.

स्टिग्लरच्या यादीत आणखी एक गोष्ट दडली आहे. त्याच्या नऊ गरजांत बी-१२ नव्हतं, कारण ते वेगळं काढलं गेलं १९४८ साली. यादी कितीही चोख असली, तरी ती करणाऱ्याला ठाऊक असलेल्या गरजांपुरतीच चोख असते. म्हणून सातातला निदान एक जिन्नस फिरता ठेवायचा. त्याकडे पाचव्या पायरीत येतो.

३. सात जिन्नस

तेल, मिरची, हळद, कांदा-लसूण मी मोजत नाही. मीठ आयोडीनयुक्त घ्या. हल्ली खोल्याखोल्यांत 'नैसर्गिक' म्हणून सैंधव दिसतं. त्यात आयोडीनवर भरवसा ठेवता येत नाही, आणि एरवी मोजकंच खाणाऱ्याला आयोडीनचा दुसरा खात्रीचा मार्ग उरत नाही.

कंसातले आकडे साधारण ६० किलोच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाच्या एका दिवसाचे. सगळी वजनं कच्च्या मालाची.

ज्वारी (२०० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन मध्यम भाकऱ्या). ऊर्जा, आठेक मिलिग्रॅम लोह, वीस ग्रॅम प्रथिनं. इंडक्शनवर भाकरी फुलवणं हा एक स्वतंत्र पेपर आहे. ज्योत नसल्याने फडक्याने दाबून दाबून शेकावी लागते. थापता येत नसेल तर सरळ धिरडी घाला, पोषणात फरक पडत नाही. गव्हाच्या चपात्या चालतील. बाजरी लोहासाठी आणखी चांगली.

तांदूळ (१०० ग्रॅम). खरं सांगायचं तर कुकर लावायला सोपा, एवढ्यासाठीच यादीत आहे.

मूग किंवा कुठलीही डाळ (८० ग्रॅम). धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो; डाळीत मिथिओनिन हा घटक कमी, तो धान्यातून येतो. वरणभात, खिचडी, पिठलं-भाकरी या जोड्या म्हणूनच टिकल्या. एकाच घासात दोन्ही हवं असं मात्र नाही. दिवसभरात आलं तरी चालतं.

शेंगदाणे (३५ ग्रॅम, मोठी मूठ). रविवारी किलोभर भाजून ठेवा. कूट, चटणी, नाहीतर नुसते.

पालेभाजी (१५० ग्रॅम निवडलेली). मेथीची एक मध्यम जुडी साधारण एवढी निघते, पण जुडीचा भरवसा नाही, काट्यावर बघा. लोह, कॅल्शियम, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल ही सगळी कामं एकटी पालेभाजी करते. सातातला एक जिन्नस टाळायचा ठरला, तर लोक नेमकी हीच टाळतात, कारण निवडायचा कंटाळा. मंडईतल्या मावशींकडून संध्याकाळी घ्या, अभ्यास पाठ करता करता निवडा.

दूध किंवा दही (४०० मिलि). ४५०-५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि शाकाहारी माणसाच्या ताटातलं जवळजवळ सगळं बी-१२.

एक पेरू, किंवा एक-दोन आवळे. क जीवनसत्त्वाची रोजची शिफारस पुरुषाला ८० मिलिग्रॅम. १०० ग्रॅमच्या पेरूत ती दुपटीहून जास्त भरते. मोसम नसेल तेव्हा दोन लिंबं, आणि तीही भाजी उतरवल्यावर पिळायची. उकळत्या डाळीत पिळलं तर त्यातलं बरंच क जीवनसत्त्व वाया जातं.

एवढ्याची बेरीज केली तर दोन हजार कॅलरीच्या आसपास, प्रथिनं सत्तर ग्रॅमच्या घरात, लोह वीस-बावीस आणि कॅल्शियम हजार मिलिग्रॅमला टेकतं. बी-१२ सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं. दूध उकळल्यावर त्यातलं थोडं कमी होतं, त्यामुळे नुसत्या दुधावर काठावरच राहतं. अंडी खात असाल तर रोज दोन, प्रश्न मिटला. कोकणातल्या मित्रांनी सुकट आणावी. ती अख्खी खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियमही मिळतं. (खोलीमालक काय म्हणेल ते तुम्ही बघा.) काहीच खात नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी.

४. हे सापळे ओळखून ठेवा

*'तो माणूस तर फक्त बटाट्यांवर राहिला.'* हे हमखास ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या बटाटा आयोगाचे प्रमुख ख्रिस व्हॉइट २०१० साली ६० दिवस रोज वीस बटाट्यांवर राहिले आणि वजन उतरून ठणठणीत बाहेर आले. त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात, कॉन आणि क्लाइन या संशोधकांच्या प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री १६७ दिवस जवळजवळ बटाटा आणि स्निग्ध पदार्थ एवढ्यावरच होते, आणि बटाट्याचं प्रथिन त्यांना पुरलं. पण बटाट्यात बी-१२ शून्य आहे आणि कॅल्शियम नाममात्र. मग त्यांचं भागलं कसं? साठ्यावर. बी-१ दोन-तीन आठवडेच पुरतं, क जीवनसत्त्व संपून लक्षणं दिसायला एक ते तीन महिने जातात, आणि भरलेलं यकृत बी-१२ काही वर्षं पुरवतं. साठ दिवसांचा प्रयोग म्हणजे बँकेतल्या पैशांवर काढलेले दोन महिने. आमच्या घरी सगळे शाकाहारी, माझं खातं मुळातच तुटपुंजं होतं. दीड वर्षात संपलं.

*'आजोबा नुसत्या भाकरीवर शंभरी गाठले.'* आमच्या बार्शीकडे प्रत्येक घरात असे एक आजोबा आहेत. त्यांना नीट विचारा. भाकरीबरोबर पिठलं होतं, ताक होतं, हिरव्या मिरचीचा कच्चा ठेचा होता, बांधावरची पाथरी, घोळ, चिघळ अशी रानभाजी होती, मूठभर शेंगा होत्या. खरोखर नुसत्या ज्वारीवर राहायची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांचं काय झालं हेही नोंदलेलं आहे. दख्खनच्या पठारावरच्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा (नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) आढळत होता. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलटायची, जुलाब, पुढे भ्रम. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या संशोधकांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीच्या प्रथिनांतल्या ल्युसिन या घटकाच्या जादा प्रमाणाशी जोडला. त्या कारणावर पुढे वाद झाले, पण एकाच धान्यावर राहण्यातला धोका कुणी नाकारला नाही. विदर्भातल्या मित्रांना लाखोळीची (खेसरीची) डाळ वेगळी सांगायला नको: अधूनमधून खाल्ली तर ठीक, पण दुष्काळात महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय लुळे पडायचे. यादी आखूड असली, की त्यातल्या एकेका जिन्नसाचे दोषही मोठे होतात.

*जेवणावर चहा.* चहातलं टॅनिन भाकरी-भाजीतलं लोह अडवतं. तास-दीड तास थांबा. त्याच जेवणात लिंबू किंवा पेरू असेल तर उलटा फायदा, लोह जास्त शोषलं जातं. हा बदल फुकट आहे, म्हणून सगळ्यात आधी करा.

*स्पिरुलिना, आंबवलेलं पीठ, मोड आलेली कडधान्यं यांतून बी-१२.* मिळत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी-१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या कामी न येणारं. इडली-डोसा आवडतो म्हणून खा.

*मेडिकलमधून स्वतःच्या मनाने फोलिक अ‍ॅसिड.* हा सगळ्यात वाईट सापळा. बी-१२ कमी असताना एकटं फोलिक अ‍ॅसिड जास्त घेतलं, तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. मुंग्या येत असतील तर तपासणीशिवाय काहीही गिळू नका.

*प्रोटीन पावडरचा डबा.* वरची बेरीज पुन्हा वाचा. प्रथिनांची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला पन्नास. आपण सत्तरवर आहोत. तेच पैसे दूध आणि पेरूवर घाला.

५. एक जागा फिरती ठेवा

सहा जिन्नस वर्षभर तेच ठेवले तरी चालेल. पालेभाजीची जागा मात्र दर आठवड्याला बदला: मेथी, तांदुळजा, राजगिरा, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला. हिवाळ्यात काही अडत नाही. एप्रिल-मेमध्ये मेथी महाग आणि मरगळलेली मिळते. तेव्हा तांदुळजा घ्या, किंवा गावाकडून शेवग्याचा पाला सावलीत वाळवून आणा. वाळवणात क जीवनसत्त्व जातं, कॅल्शियम आणि लोह राहतं. पालक आवडतो म्हणून रोज पालकच, असं नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि मुतखडा झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच खावा.

डाळही पाकीट संपलं की बदला. त्याला काहीच कष्ट नाहीत.

६. मुलींनी ही यादी जशीच्या तशी घेऊ नये

हे मला धाकट्या बहिणीमुळे कळलं. ती पुण्यात आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात हा तक्ता तिच्या कपाटाला चिकटवला आणि वर "तू थोडं कमी खा, बाकी सेम," असं सांगितलं. चूक तिथेच झाली. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २११० कॅलरी लागतात, स्त्रीला १६६०. लोह मात्र पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीला २९. खाणं पाचव्या हिश्शाने कमी केलं की लोह सतरा-अठरावर येतं, आणि तिला हवं त्याच्या दीडपटीहून जास्त! सहा महिन्यांनी ती जिना चढताना दम लागतो म्हणाली, तेव्हा कुठे मी पुन्हा वही काढली.

तिच्या यादीत मग एवढे बदल केले: भात बंद, ज्वारीच्या जागी हिवाळाभर बाजरी, पालेभाजी २०० ग्रॅम, रोज एक चमचा अळीव दुधात भिजवून, चहा सकाळी एकदाच. तरीही नुसत्या जेवणातून २९ गाठणं अवघड आहे, हे मान्य करायला हवं. हिमोग्लोबिन बघून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने तीन महिने घेतल्या. गोळीने शौचास काळी होते, घाबरू नका. आणि दुधाबरोबर घेऊ नका.

७. रोजचं वेळापत्रक

रात्री मूग भिजत घाला. सकाळी कुकरच्या एका डब्यात तांदूळ, दुसऱ्यात मूग किंवा डाळ. शिट्ट्या होईपर्यंत दूध तापवून घ्या. दुपारी भात, आमटी, लिंबू, दही. संध्याकाळी परत येताना जुडी आणि पेरू. रात्री धिरडी किंवा भाकरी, पालेभाजी, वर शेंगदाण्याचं कूट. पाला आधी धुवा, मग चिरा, आणि शिजवलेलं पाणी टाकू नका. फोलेट आणि क जीवनसत्त्व त्या पाण्यातच उतरतं. मला रात्रीच्या स्वयंपाकाला पस्तीस मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात तास लागला होता आणि दोन धिरडी तव्यालाच चिकटून राहिली होती.

ड जीवनसत्त्व या सातांपैकी कशातच पुरेसं नाही. अभ्यासिकेतून दुपारी बाहेर पडून हात-तोंडावर थोडं ऊन घ्या. रिपोर्टमध्ये कमी आलं तर गोळी किंवा पुडी डॉक्टर सांगतील तशी. ती दर आठवड्याची पुडी रोज घेणारा एक महाभाग आमच्या खोलीत होता, म्हणून मुद्दाम लिहितोय.

८. तपासणी

सुरू करताना एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये. आकडा खाली आला तर आधी बघा की यादी चुकली की तुम्ही ती पाळलीच नाही. माझ्या वहीत परीक्षेच्या आधीच्या पाच आठवड्यांत पालेभाजी फक्त तीनदा लिहिलेली सापडली.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, मधुमेह, किडनी किंवा थायरॉइडचा त्रास असणारे, आणि ज्यांना शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ही यादी वापरू नये. आहारतज्ज्ञाकडून स्वतःची करून घ्यावी. खाण्याबद्दल भीती वाटते म्हणून पदार्थ एकेक करून सोडत चाललेला कुणी ओळखीचा असेल, तर त्याला हा लेख पाठवू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

माझं बी-१२ आता ठीक आहे. मुंग्या जायला सात महिने लागले. तोंड त्याच्या बरंच आधी, बी-१२च्या इंजेक्शनांच्या दुसऱ्या आठवड्यातच बरं झालं होतं, आणि पहिला ठेचा मी त्याच रात्री खाल्ला.